ब्लेडच्या तळ्यात होडी: परदेशातला एक अख्खा दिवस, काहीच न बघता

हरिपूर_रोड

दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेले की युरोपात मला सगळ्यात आवडलेला दिवस कुठला, तर ज्या दिवशी आम्ही काहीच बघितलं नाही, नुसते स्लोव्हेनियातल्या ब्लेड गावच्या तळ्यात होडी घेऊन बसलो तो. त्यावर बरीच विचारणा झाली, थोडी चेष्टाही झाली. म्हणून सविस्तर लिहिते.

आमची मुलगी म्युनिकला असते. २०२३ च्या जूनमध्ये तिच्याकडे गेलो होतो. तिची रजा संपली तशी "आता तुम्ही दोघंच कुठंतरी जाऊन या, मला ऑफिस आहे" म्हणून तिनं आम्हाला रेल्वेत बसवून दिलं. साल्झबुर्ग, फिलाख करत गाडी आल्प्समधून जाते. ऑस्ट्रिया संपतो तिथं लांब बोगदा लागतो, पलीकडे स्लोव्हेनिया. लेस्त्से-ब्लेड नावाच्या छोट्याशा स्टेशनवर उतरायचं. तिथून गाव चार किलोमीटर, बस मिळते.

तळं मोठं नाही. लांबी दोन किलोमीटरच्या जरा वर, रुंदी दीडच्या आत. काठानं पूर्ण फेरी मारली तर सहा किलोमीटर. एका अंगाला छोटं बेट, त्यावर चर्च. उत्तरेला पाण्यापासून १३० मीटर उंच कड्यावर किल्ला, त्याचा पहिला लेखी उल्लेख १०११ सालचा. मुलीनं यादी करून दिली होती: सकाळी किल्ला, मग विंटगारची घळ, दुपारी बोहिन्यचं तळं, संध्याकाळी अमुक टेकडीवरून सूर्यास्त. यादी माझ्या पर्समध्ये होती आणि पर्समध्येच राहिली.

बेटावर जायला तिथल्या पारंपरिक नावा आहेत, त्यांना प्लेतना म्हणतात. सपाट तळाची लाकडी नाव, वर रंगीत कापडाचं छत, दोन्ही बाजूंना बाकडी. नावाडी मागं उभा राहून दोन वल्ही मारतो. हा धंदा घराण्यात चालत आलेला. आम्ही त्याच रांगेत उभे होतो, माणशी अठरा युरो. आमचे हे रांगेतून त्या नावाड्याकडे बघत होते. आता सांगते, हे मूळचे सांगलीवाडीचे. पोहायला शिकले कृष्णेत, आणि कॉलेजात असताना पावसाळ्यातल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचे. पुढं बँकेत लागले आणि ते सगळं सुटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या हातात वल्हं मी कधी बघितलं नव्हतं. शर्यतीच्या गप्पा मात्र घरी पाहुणा आला की ठरलेल्या.

रांग हलली तेव्हा हे म्हणाले, "अठरा युरो देऊन मी दुसऱ्याच्या नावेत बसू?" रांग सोडून आम्ही काठानं म्लीनो नावाच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. तिथून बेट सगळ्यात जवळ, आणि भाड्यानं छोट्या होड्या मिळतात. स्वतः वल्हवायच्या.

पहिली पंधरा मिनिटं विचारू नका. त्या होडीत वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते. म्हणजे जायचंय तिकडं तो बघतच नाही, बघते समोर बसलेली मी. मी म्हणायची "डावीकडे", ती माझी डावी. यांची डावी दुसऱ्या बाजूला. एकदा प्लेतनाच्या वाटेत गेलो, त्या नावाड्यानं काहीतरी म्हटलं, भाषा कळली नाही पण अर्थ कळला. शेवटी ठरलं की "किल्ल्याकडे" आणि "चर्चकडे" असं सांगायचं. मग होडी सरळ चालली.

आणि मग यांचा हात बसला. कसं सांगू, माणूसच बदलला. पाठ ताठ, वल्हं पाण्यात शिरताना आवाज नाही, बाहेर येताना थेंबांची एक ओळ. मध्येच थांबले आणि म्हणाले, "हे बघ, थांबलो तर थांबलोच." नदीत असं नसतं. नदीत वल्हं ठेवलं की ती तुम्हाला घेऊन जाते, सारखं लढावं लागतं. इथं ओढच नाही. आम्ही वल्ही आत घेतली आणि पिशवीतलं भडंग काढलं. होय, सांगलीचं. मुलीसाठी नेलेल्यातलं एक पाकीट मी बाजूला ठेवलं होतं.

तळ्यावर पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला बंदी आहे. हे आधी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ तिथं मधोमध गेल्यावर कळला. काठावर कुणी हसलं तरी ऐकू येतं. बेटावरची घंटा मात्र सारखी वाजत असते, कारण ती वाजवून इच्छा मागायची पद्धत आहे आणि माणसांना इच्छा फार. आम्ही बेटावर उतरलो, जरा फिरलो, परत होडीत बसलो. वेळ वाढवून घेतला. दुपारी काठावर खाल्लं, झाडाखाली यांनी डुलकी काढली, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा होडी घेतली. किल्ला खालूनच बघितला. खालूनच जास्त चांगला दिसतो असं माझं मत आहे.

बामणोली_लाँच

ताई, लिहिलंय छान. पण राग मानू नका, एवढा व्हिसा, एवढं तिकीट, आणि करायचं काय तर होडीत बसून भडंग खायचं? आमच्या साताऱ्यात या की. कास ओलांडून बामणोली. कोयना धरणाचा शिवसागर एवढा पसरलाय की तुमची असली पन्नास तळी त्यात मावतील. डोंगर, जंगल, समोर वासोटा किल्ला. बोट क्लबची लाँच करा, तापोळ्याकडे जा, त्रिवेणी संगम बघा. युरो नकोत.

हरिपूर_रोड

दादा, राग कसला. बामणोलीला आम्ही गेलोय आणि पुन्हा जाऊ. पण तुमच्या लाँचमध्ये डिझेलचं इंजिन असतं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि वासोट्याला निघालात की घाईच घाई: आधी वनखात्याची परवानगी, मग पलीकडे उतरून दोन तास चढ, आणि अंधाराच्या आत परत. तो ट्रेक आहे, उत्तम ट्रेक आहे. मी लिहिलं ते आळशी दिवसाबद्दल.

हवं तर महाबळेश्वरचं वेण्णा तळं म्हणा. तिथं वल्ह्यांच्या होड्या आहेत. पण काठावर घोडे, मका, फोटोवाले, आणि होडीत नावाडी आपल्याबरोबर. नवरा-बायकोच्या गप्पांत तिसरा माणूस.

बामणोली_लाँच

इंजिनाचं मान्य. आमच्याकडं अंतरं एवढी आहेत की वल्ह्यानं तापोळा गाठायचा तर दिवस जाईल. पण बामणोलीच्या काठाकाठानं तासभर वल्हवायला छोट्या होड्या ठेवल्या तर चालेल की. ही कल्पना गावात बोलून बघतो.

जावळीचा_नातू

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण शिवसागरचा विषय निघाला म्हणून. माझ्या आजीचं गाव त्या पाण्याखाली आहे. कोयना धरण झालं तेव्हा खोऱ्यातली माणसं कुठं कुठं पांगली, कुणी ठाण्याकडं, कुणी रायगडात, कुणी सोलापूर-सांगलीकडं. आजी होती तोवर आम्ही बामणोलीला गेलो की ती लाँचमध्ये बसायची नाही. काठावर बसायची आणि बोट करून सांगायची, तिथं आमचं खळं, तिथं देऊळ.

पर्यटन करू नये असं म्हणत नाही. त्या गावांतली जी माणसं वर सरकून राहिली त्यांची पोटं या लाँचवरच आहेत. पण "आमचं तळं पन्नास पट मोठं" हे मोजमाप मला जमत नाही. ब्लेडचं तळं हिमनदीनं केलेलं आहे, आमचं माणसांनी. दोन्हीकडं होडीत बसून सारखंच निवांत वाटेल असं नाही.

बामणोली_लाँच

नातू, बरोबर बोललात. माझ्या आईचं माहेरही त्यातच. चेष्टेत लिहून गेलो.

पाटबंधारे_निवृत्त

हरिपूर रोड, तुम्ही पाण्याबद्दल फार कमी लिहिलंत, म्हणून मी लिहितो. ते तळं आपोआप स्वच्छ राहिलेलं नाही. त्याला मोठी नदी मिळत नाही, त्यामुळं पाणी बदलायला वर्षं लागतात. हॉटेलं वाढली, सांडपाणी आणि खतं तळ्यात जाऊ लागली, तसं शेवाळ माजलं आणि तळाजवळचा प्राणवायू संपला. पोहणाऱ्यांचं गाव, आणि पाण्यावर तवंग.

त्यांनी दोन कामं केली. १९६४ मध्ये शेजारच्या रादोव्हना नदीचं थंड पाणी वळवून तळ्यात आणलं. तेवढ्यानं भागेना. मग १९८० नंतर लगेच एक सायफन बसवला. यात गंमत आहे. कुठल्याही तळ्यातून वरचं, म्हणजे बऱ्यापैकी चांगलं पाणी वाहून जातं आणि खराब पाणी तळाशी बसतं. यांनी नळ थेट खोल भागात सोडला. तिथलं प्राणवायू नसलेलं, खतांनी भरलेलं पाणी बाहेरच्या ओढ्यात जातं, तेही पंपाशिवाय, फक्त पातळीतल्या फरकावर. तळ्याची कमाल खोली तीस मीटरच्या आसपास आहे. बरोबर सांडपाण्याच्या नळांचंही काम केलं. ते नसतं तर सायफन जन्मभर चालवूनही उपयोग नव्हता.

आता आपल्याकडे या. सांगलीच्या बंधाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगले की दोन दिवस बातमी, नमुने घेतले जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मासे. मी खात्यात होतो, त्यामुळं जास्त बोलत नाही. पण त्या देशाची लोकसंख्या वीस-एकवीस लाख, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा कमी, हे लक्षात घ्या. पैसा अफाट होता म्हणून झालं असं नाही. १९६४ ला तो युगोस्लाव्हियाचा भाग होता.

हरिपूर_रोड

काका, हे तिथल्या कुणीच सांगितलं नाही. पाण्यात खाली मासे दिसत होते तेवढं मी बघितलं.

तीन_नंबरचं_वल्हं

पुण्यात शिकताना सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर वल्हवायचो, म्हणून हा धागा उघडला. ताई, तुम्ही जिथं भडंग खाल्लंत ती जागा म्हणजे आमच्या खेळाची पंढरी आहे! ब्लेडला जागतिक रोइंग स्पर्धा १९६६, १९७९, १९८९ आणि २०११ अशा चार वेळा झाल्या. स्लोव्हेनिया स्वतंत्र झाल्यावर त्यांना पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं तेही रोइंगमध्ये. २००० साली सिडनीत, इझ्तोक चोप आणि लुका श्पिक ही जोडी. पहाटे गेला असतात तर सराव करणारी पोरं दिसली असती.

दिशेचा गोंधळ सगळ्यांचा होतो. उपाय सोपा आहे. वल्हवणाऱ्याला मागचा काठ दिसतो ना? होडी एकदा बरोबर रोखली की मागच्या काठावरची एक खूण पकडायची, झाड, घर, काहीही, आणि ती होडीच्या मागच्या टोकाच्या बरोबर वर ठेवायची. खूण सरकली म्हणजे होडी वळली. चार-पाच वल्ह्यांनंतर एकदा खांद्यावरून पुढं बघायचं, आडवं कुणी येत नाही ना. मग बायकोला "डावीकडे" म्हणावं लागत नाही. (बायको तरीही म्हणते, तो भाग वेगळा.)

दुसरं, हातानं ओढू नका. नवखा माणूस दंडांनी ओढतो आणि दहा मिनिटांत दमतो. पाय टेकवायला आडवी पट्टी असते, तिला रेटा देऊन पाठ मागं न्यायची, हात शेवटी. वल्ह्याचं पातं पूर्ण बुडेल एवढंच, जास्त खोल नको.

हरिपूर_रोड

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पायाचं बरोबर आहे, पोराला येतंय." एवढं कौतुक आमच्या घरात जावयालाही मिळालेलं नाही.

मिरज_जंक्शन

वहिनी, बेटावर ९९ पायऱ्या आहेत आणि नवऱ्या मुलानं नवरीला उचलून वर न्यायची पद्धत आहे असं वाचलंय. भावोजींनी उचललं का??

हरिपूर_रोड

पायऱ्या आहेत. उचलण्याचा विषय त्यांच्या गुडघ्यांनी निकालात काढला. शिवाय वर पोचेपर्यंत नवरीनं एक शब्द बोलायचा नाही अशीही अट आहे, ती माझ्याकडून पाळली गेली नसती. एक जोडपं मात्र खरंच तसं चढताना बघितलं. तो मध्ये दोनदा थांबला, ती हसत होती पण तोंड मिटून.

घंटेची कथाही सांगते. किल्ल्यात एक विधवा राहत होती. नवऱ्याला लुटारूंनी मारून पाण्यात टाकलेलं. तिनं आपलं सोनं-चांदी एकत्र करून त्याच्या नावानं बेटावरच्या चर्चसाठी घंटा ओतून घेतली. घंटा नेताना वादळ झालं आणि नाव, नावाडी, घंटा सगळं बुडालं. ती सगळं विकून रोमला गेली, जोगीण झाली. तिच्यामागं पोपनं दुसरी घंटा पाठवली, ती ही. आत्ता आहे ती घंटा १५३४ मध्ये इटलीत पादुआला ओतलेली. तीन वेळा वाजवायची. पहिल्या ओढीला ती वाजत नाही, दोराला झोल देत राहावं लागतं. चर्चच्या आधी तिथं झिवा नावाच्या देवीचं ठाणं होतं असं सांगतात, प्रेमाची आणि सुफळतेची देवी. नवस बोलायची जागा तीच राहिली, देव बदलले.

कृष्णाकाठ

एक विचारू? लाइफ जॅकेट होती का? फोटोत (दुसऱ्या धाग्यावरच्या) दिसत नाहीत. मी पलूस तालुक्यातली आहे. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला होडी उलटली ते आमच्या भागात कुणीही विसरलेलं नाही. ती सहलीची होडी नव्हती, पुरातून सुटणारी माणसं होती, तुलना करायची नाही. पण तेव्हापासून होडी म्हटलं की मी आधी जॅकेट बघते, मग माणसं मोजते.

आमच्याकडं पूर्वी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक नदी पार करायचे. आजोबा मोठ्या कौतुकानं सांगायचे. मला आता ते कौतुकाचं वाटत नाही.

हरिपूर_रोड

अगदी योग्य विचारलंस. होडी घेताना जॅकेट मिळतात, मी घातलं होतं, यांनी "मला काय बुडवतंय हे पाणी" म्हणून पायाशी ठेवलं होतं. फोटो काढायला मी माझं उतरवलं. चूक की बरोबर यावर आमच्या घरी चर्चा झालेली आहे, निकाल माझ्या बाजूनं. होडीत किती माणसं बसवायची हे तिथं ठरलेलं असतं आणि त्याच्या वर एकही घेत नाहीत, मूल असलं तरी. कुणी लहान मुलं घेऊन जाणार असाल तर किनाऱ्यावरच घालायला लावा.

खर्च_किती

सगळ्यांनी छान छान लिहिलं, माझा नेहमीचा प्रश्न. व्हिसा, राहणं, जेवण? आणि शाकाहारी मिळतं का? सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे, बाबांचं बायपास झालंय.

हरिपूर_रोड

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. आम्ही जर्मनीकडे केला, त्यावरच स्लोव्हेनिया झालं. विमा कमीत कमी तीस हजार युरोचा लागतो, पण बाबांसाठी तेवढ्यावर थांबू नकोस. आधीच्या आजारपणाचं काय काय धरलंय हे कागदावर वाचून घे, फोनवरच्या मुलीच्या शब्दावर विसंबू नकोस.

राहायला तळ्याच्या काठावर महाग. रस्ता सोडून वर गेलं की घरगुती खोल्या मिळतात, स्वयंपाकघरासकट. आम्ही डाळभात लावला. बाहेर पिझ्झा, सूप, ब्रेड-चीज, भाज्यांचे प्रकार मिळतात, उपाशी राहत नाही.

आईबाबांना वल्हवायला लावू नकोस, त्यांना प्लेतनात बसव. जाऊन-येऊन, बेटावरचा थांबा धरून, दीड तासाच्या आत होतं. बाबांना पायऱ्या नको असतील तर खालीच बेटाच्या काठानं फिरता येतं. परतीला मात्र त्याच नावेनं यायचं असतं, नावाडी वेळ सांगतो, ती लक्षात ठेवायची. आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस. बोहिन्यचं तळं मोठं आहे, सुंदर आहे, शांतही आहे, पण ते दुसऱ्या दिवशी.

तीन_नंबरचं_वल्हं

आणि ते केक? ब्लेडला जाऊन ते न खाता आलात तर धागा अपूर्ण.

हरिपूर_रोड

क्रेमश्निता. खाल्लं की. तळाला आणि वर खुसखुशीत पापुद्र्याचे थर, मध्ये कस्टर्ड आणि मलई, चौकोनी तुकडा. सात सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच, असं मापच ठरलेलं आहे. तिथल्या पार्क हॉटेलात १९५३ मध्ये सुरू झालं. एक दोघांत पुरतं असं मला वाटलं, यांनी वल्हवल्याचं कारण सांगून दुसरं मागवलं.

मिरज_जंक्शन

त्यात अंडं असतं का हो वहिनी? आमच्याकडं खात नाहीत.

हरिपूर_रोड

असतं, कस्टर्ड अंड्याचंच आहे. तुम्ही कॉफी घ्या आणि खिडकीजवळची जागा पकडा.